कर्जाली कसं वाचावं: बल्गेरियाच्या एका प्रांताचे विभाग, गावं आणि लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेत बल्गेरियातल्या कर्जालीची लोकसंख्या किती होती, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: ४३,८८०, ६७,४६० आणि १,५२,८०८. तिन्ही बरोबर आहेत, तिन्ही एकाच जनगणनेतली आहेत आणि तिन्हींवर ‘कर्जाली’ हेच नाव आहे. पहिला आकडा शहराचा, दुसरा त्या शहराचा आणि आजूबाजूच्या गावांचा मिळून, तिसरा संपूर्ण प्रांताचा.

या प्रांताची नोंद मी पहिल्यांदा लिहायला घेतली तेव्हा शहराच्या रकान्यात दुसरा आकडा घातला आणि तो बराच काळ तसाच राहिला. त्या नोंदीवरून पुढे आणखी कुणी काय काय उतरवून घेतलं असेल, हा विचार अजून टोचतो. परदेशातल्या एखाद्या प्रांताची माहिती मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी, बातमीचं भाषांतर करणाऱ्यांसाठी किंवा नुसत्या कुतूहलापोटी नकाशा उघडून बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, कर्जाली. हा प्रांत नीट वाचता आला की उरलेले सत्तावीस फारसे अडवणार नाहीत.

पहिली पायरी: थर ओळखा

बल्गेरियाच्या कारभारात लक्षात ठेवायचे थर तीन. सगळ्यात वर ओब्लास्त, म्हणजे आपण ज्याला प्रांत म्हणतो तो. देशात २८ ओब्लास्त आहेत आणि प्रत्येकाला त्याच्या मुख्य शहराचंच नाव आहे. ओब्लास्तच्या प्रमुखाला, म्हणजे गव्हर्नरला, मंत्रिमंडळ नेमतं. लोक त्याला निवडून देत नाहीत. आपल्याकडचा जिल्हाधिकारी डोळ्यांसमोर आणलात तर चालेल, पण तुलना तिथेच थांबवा. ओब्लास्तला निवडून आलेली सभा नसते, त्यामुळे जिल्हा परिषदेसारखं काही शोधत बसू नका.

त्याखाली ओब्श्तिना. खरं स्थानिक स्वराज्य इथे आहे. हिचा प्रमुख क्मेत, तो थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. सोबत निवडून आलेली परिषद असते, स्वतःचं अंदाजपत्रक असतं आणि निवडणूक दर चार वर्षांनी होते. मागची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. देशभरात २६५ ओब्श्तिना आहेत.

सगळ्यात खाली वस्ती: शहर असेल तर ग्राद, खेडं असेल तर सेलो. काही खेड्यांना स्वतःचा निवडून आलेला क्मेत असतो, अशा घटकाला क्मेत्स्त्वो म्हणतात. जिथे तो नसतो तिथे ओब्श्तिनेचा क्मेत आपला प्रतिनिधी नेमतो. त्यासाठीची लोकसंख्येची अट कायद्यात वेळोवेळी बदललेली आहे, म्हणून जुन्या लेखात ‘इतक्या लोकांमागे एक क्मेत’ असं वाचलंत तर ते तसंच उचलू नका.

आता शब्दांचा प्रश्न. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मजकुरात ओब्श्तिनेला ‘नगरपालिका’ म्हटलेलं दिसतं. मला तो शब्द इथे चुकीचा वाटतो. कर्जाली प्रांतातली किर्कोवो ही ओब्श्तिना घ्या. २०११ मध्ये तिथे २१,९१६ माणसं राहत होती आणि प्रांतातली ती दुसऱ्या क्रमांकाची ओब्श्तिना होती. पण तिच्या हद्दीत एकही शहर नाही. मुख्यालय किर्कोवो हेही खेडंच. नगर नसलेली नगरपालिका वाचकाला कशी समजावणार? ‘तालुका’ आकाराने जवळचा, पण तालुक्याला निवडून आलेला प्रमुख नसतो. म्हणून मी पहिल्या उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगते आणि पुढे ‘ओब्श्तिना’ हाच शब्द ठेवते. ओब्लास्तला मात्र ‘प्रांत’ म्हणायला हरकत नाही, तो शब्द वाचकाला फसवत नाही.

दुसरी पायरी: नाव कानाने ऐका, मग लिहा

रोमन लिपीत या शहराचं नाव निदान दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. पहिल्या अक्षरानंतर कुणी ‘ए’ घालतं, कुणी ‘यू’. कारण सोपं आहे. बल्गेरियन भाषेत एक स्वर आहे, तो जवळजवळ आपल्या ‘अ’सारखा, ‘कमळ’ म्हणताना क मध्ये येतो तसा. रोमन लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर नाही. आपल्या लिपीत तो प्रत्येक व्यंजनात आधीपासून बसलेला आहे! त्यामुळे ‘कर्जाली’ असं लिहिलं की काम झालं. जोर पहिल्या ‘क’वर, आणि यातला ज ‘जीवन’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. रोमन अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवायला गेलात तर ‘कार्दझाली’ असलं काहीतरी तयार होतं, जे तिथल्या माणसाला ओळखूही येणार नाही.

उलट बाजूने एक अडचण आहे. ‘चमचा’मध्ये आपण जो दंत्य च म्हणतो, तो ध्वनी बल्गेरियनमध्ये भरपूर आहे, पण आपल्याकडे त्याला वेगळं अक्षर नाही. आर्दा नदीवरच्या ‘स्तुदेन क्लादेनेत्स’ या धरणाच्या नावाच्या शेवटी तोच ध्वनी आहे. तो ‘त्स’ असा लिहिलेला बरा. नुसता ‘च’ लिहिला तर वाचक तालव्य उच्चार करतो.

सिरिलिक लिपी शिकायला एक संध्याकाळ पुरते आणि ती संध्याकाळ द्यावी असं मी आग्रहाने सांगेन. निदान इतकं तरी लक्षात ठेवा: तक्त्यात वस्तीच्या नावाआधी रोमन ‘सी’सारखं अक्षर आणि टिंब दिसलं तर ते ‘स’ आहे, म्हणजे सेलो, खेडं. शहराआधी ‘ग’चं अक्षर येतं. या एका अक्षरावरून तुम्ही शहराच्या ओळीत आहात की ओब्श्तिनेच्या, ते कळतं. माझी पहिली चूक इथेच टळली असती.

तिसरी पायरी: सात नावं नकाशावर बसवा

कर्जाली ओब्लास्त देशाच्या दक्षिणेला, पूर्व ऱ्होडोपी डोंगरांत आहे. पश्चिमेला स्मोल्यान, उत्तरेकडे प्लोवदिव आणि हास्कोवो, पूर्वेला पुन्हा हास्कोवो, दक्षिणेला ग्रीस. क्षेत्रफळ ३,२०९ चौरस किलोमीटर. हा आकडा नुसता वाचून काही दिसत नाही, म्हणून गोव्याशेजारी ठेवा: गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे थोडासाच मोठा. २०११ मध्ये दोन्हीकडे जनगणना झाली. गोव्यात १४,५८,५४५ माणसं मोजली गेली, कर्जालीत १,५२,८०८. गोव्यात दर चौरस किलोमीटरला ३९४, इथे ४७ ते ४८.

या प्रदेशातून आर्दा नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. ओब्श्तिना लक्षात ठेवायच्या तर नदीच्या काठाने चला. पश्चिमेला आर्दिनो, तिथे आर्देवर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा दगडी कमानींचा उस्मानी पूल उभा आहे, त्याला ‘सैतानाचा पूल’ म्हणतात. पुढे कर्जाली धरण, मग कर्जाली शहर, त्याच्याही पुढे स्तुदेन क्लादेनेत्सचा जलाशय. नदीच्या उत्तरेला चेर्नोओचेने. दक्षिणेला जेबेल, तिथला ‘जेबेल बास्मा’ हा तंबाखूचा वाण नावाजलेला आहे. त्याच्या शेजारी मोमचिलग्राद. अगदी दक्षिणेला, ग्रीसच्या सीमेला लागून किर्कोवो; इथल्या माकाझा खिंडीतून ग्रीसमधल्या कोमोतिनीकडे जाणारा रस्ता २०१३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. आग्नेयेला क्रुमोवग्राद, जिथल्या आदा तेपे टेकडीवर कांस्ययुगात सोनं काढलं जात होतं आणि २०१९ मध्ये आधुनिक खाणीतून ते पुन्हा काढायला सुरुवात झाली.

सात झाल्या. यांपैकी पाच ओब्श्तिनांचं मुख्यालय शहरात आहे: कर्जाली, आर्दिनो, जेबेल, मोमचिलग्राद, क्रुमोवग्राद. किर्कोवो आणि चेर्नोओचेने या दोन ओब्श्तिनांत शहरच नाही. संपूर्ण प्रांतात शहरं एवढी पाचच आणि खेडी साडेचारशेहून जास्त. निम्म्याहून अधिक लोक खेड्यांत राहतात, हे बल्गेरियात सर्रास आढळणारं चित्र नाही, म्हणून नोंदीत ते आवर्जून लिहा.

इतक्या खेड्यांत सारखी नावं येणारच. त्यासाठी तिथे जी युक्ती आहे ती आपल्याला घरची वाटेल. आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणतो, ते ‘गोल्यामो’ आणि ‘माल्को’ म्हणतात, मोठं आणि लहान. क्रुमोवग्राद ओब्श्तिनेत गोल्यामो कामेन्याने आहे आणि माल्को कामेन्यानेही आहे. ‘गोर्नो’ म्हणजे वरचं, ‘दोल्नो’ म्हणजे खालचं. आर्दिनोत गोर्नो प्राहोवो आणि दोल्नो प्राहोवो अशी जोडी आहे. हे शब्द गाळून नुसतं ‘प्राहोवो’ लिहिलंत तर दोन गावांची माणसं एका गावात जातात. नावावरून खात्री होत नसेल तर पाच आकडी संकेतांक बघा. देशातल्या प्रत्येक वस्तीला असा एक क्रमांक आहे, कर्जाली शहराचा ४०९०९. नाव बदललं, लिपी बदलली, तरी क्रमांकावरून वस्ती सापडते.

चौथी पायरी: ताळा करा

ही पायरी माझ्या सगळ्यात आवडीची, आणि नवीन लोक नेमकी हीच वगळतात. सात ओब्श्तिनांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि बेरीज करून बघा. २०११ चे आकडे असे:

कर्जाली ६७,४६०
किर्कोवो २१,९१६
क्रुमोवग्राद १७,८२३
मोमचिलग्राद १६,२६३
आर्दिनो ११,५७२
चेर्नोओचेने ९,६०७
जेबेल ८,१६७

बेरीज १,५२,८०८. प्रांताच्या आकड्याशी एका माणसाचाही फरक नाही. ताळा जुळला म्हणजे सातही आकडे एकाच मोजणीतले आहेत, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. दोन-तीनशेचा फरक आला तर समजा, एखादा आकडा दुसऱ्या वर्षाचा किंवा दुसऱ्या यादीतला शिरला आहे. वीस-पंचवीस हजारांचा आला तर बहुधा कर्जाली ओब्श्तिनेच्या जागी कर्जाली शहर पडलं आहे. त्या दोघांत नेमका २३,५८० चा फरक आहे, आणि तेवढी माणसं त्या ओब्श्तिनेच्या खेड्यांत राहतात.

आकडे उतरवताना एक बारीक गोष्ट. बल्गेरियन तक्त्यांत हजारांचे गट मोकळ्या जागेने तोडतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे त्यांच्याकडे सहासष्ट, स्वल्पविराम, दोन असं दिसलं तर ते ६६.२ आहे, सहाशे बासष्ट नाही. आणि तीन-तीनचे गट आपल्याकडे आणताना लाखाचा स्वल्पविराम योग्य जागी घाला.

पाचवी पायरी: कोणी मोजलं, कधी मोजलं

लोकसंख्येचा आकडा म्हणून तुमच्यासमोर तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात.

एक, जनगणना. ती राष्ट्रीय सांख्यिकी संस्था करते आणि प्रत्यक्ष राहणारी माणसं मोजते. अलीकडच्या तीन जनगणना १ मार्च २००१, १ फेब्रुवारी २०११ आणि ७ सप्टेंबर २०२१ या तारखांना धरून झाल्या. शेवटची आधी हिवाळ्यात व्हायची होती, कोविडमुळे लांबली.

दोन, दर ३१ डिसेंबरचा अंदाज. मागच्या जनगणनेत जन्म-मृत्यू आणि नोंदलेलं स्थलांतर मिळवून तो काढतात. न नोंदवता परदेशी गेलेली माणसं त्यातून सुटतात. याचा परिणाम केवढा होतो ते बघा: २०२० अखेरच्या अंदाजानुसार बल्गेरियाची लोकसंख्या ६९,१६,५४८ होती, नऊ महिन्यांतच जनगणनेने ६५,१९,७८९ सांगितली. जवळपास चार लाखांची तफावत. नऊ महिन्यांत इतकी माणसं गेली नव्हती, ती आधीच्या दहा वर्षांत गेली होती, कागदावर उरली होती. म्हणून जनगणनेचा आकडा आणि अंदाज एका आलेखात जोडू नका.

तीन, नागरी नोंदणीचे तक्ते. हे पत्त्यावरून बनतात, आणि पत्ते दोन असतात: कायमचा आणि सध्याचा. परदेशी राहणाऱ्याचा कायमचा पत्ता गावातच असू शकतो. कर्जालीसारख्या प्रांतात, जिथली कितीतरी कुटुंबं तुर्कस्तानात स्थायिक आहेत आणि नागरिकत्व राखून आहेत, तिथे या तक्त्यांतला आकडा जनगणनेपेक्षा बराच मोठा असतो. तो खोटा नसतो. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. मतदारांची संख्या समजायला तो कामाचा, शाळेत किती मुलं येतील हे समजायला नाही.

आता तीन जनगणनांचे प्रांताचे आकडे: २००१ मध्ये १,६४,०१९, २०११ मध्ये १,५२,८०८, २०२१ मध्ये १,४१,१७७. पहिल्या टप्प्यात ११,२११ घटले, दुसऱ्यात ११,६३१. टक्क्यांत ६.८ आणि ७.६. घाईत बघणारा लिहील, ‘घसरण वाढली’. थांबा आणि तारखा बघा. पहिला टप्पा दहा वर्षांना महिनाभर कमी, दुसरा दहा वर्षं सात महिने. वर्षाला काढलं तर दोन्ही वेळा साधारण अकराशे माणसं. त्यामुळे ‘घसरण साधारण त्याच वेगाने चालू राहिली’ एवढंच आकडे सांगतात आणि एवढंच लिहावं.

शेजारी देशाचं प्रमाण ठेवलं तर आणखी काही दिसतं. २०११ ते २०२१ मध्ये देशाची लोकसंख्या ७३,६४,५७० वरून साडेअकरा टक्क्यांनी घटली. वायव्येच्या विदिन ओब्लास्तची १,०१,०१८ वरून ७५,४०८ झाली, चारांतला एक माणूस कमी. काळ्या समुद्रावरच्या वार्ना ओब्लास्तमध्येसुद्धा ४,७५,०७४ वरून ४,३२,१९८, म्हणजे नऊ टक्के घट. डोंगराळ, बहुतांश खेड्यांचा कर्जाली या सगळ्यांपेक्षा कमी घटला. हे वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं आणि त्याचं कारण लगेच जोडून टाकायचा मोहही झाला होता. आकड्याच्या शेजारी कारण छापलेलं नसतं. ते वेगळं शोधावं लागतं. सापडेपर्यंत नोंदीत आकडा पुरे.

सहावी पायरी: १९८७ ते १९९९ ही बारा वर्षं जपून ओलांडा

१९८७ आधी देशात २८ ‘ओक्रग’, म्हणजे तेव्हाचे प्रांत, होते; कर्जाली त्यांतला एक. १९८७ मध्ये ते मोडून नऊ मोठे ओब्लास्त केले गेले आणि कर्जाली हास्कोवोत गेला. १९९९ मध्ये पुन्हा २८ झाले. त्यामुळे डिसेंबर १९९२ च्या जनगणनेत ‘हास्कोवो ओब्लास्त’ असं दिसलं तर तो आजचा हास्कोवो नाही. त्यात कर्जालीही आहे आणि स्तारा झागोराही. त्या वर्षासाठी कर्जालीचा आकडा हवा असेल तर ओब्श्तिनांवरून बेरीज करत वर या, वरून भागाकार करू नका.

सातवी पायरी: जुनी नावं शोधा, आणि ती का बदलली ते सांगा

हा प्रदेश १९१२ च्या बाल्कन युद्धात बल्गेरियात आला. पूर्व रुमेलिया या स्वायत्त प्रांतात तो काही वर्षं होता, पण १८८६ च्या करारात उस्मानी राजवटीकडे परत गेला होता. गावांची नावं त्यामुळे बहुतांश तुर्की होती. १९३४ मध्ये सरकारी आदेशाने ती एका झपाट्यात बदलली गेली. मेस्तानलीचं मोमचिलग्राद झालं, चौदाव्या शतकात ऱ्होडोपीत सत्ता गाजवलेल्या मोमचिलच्या नावावरून. कोशुकावाकचं क्रुमोवग्राद झालं, खान क्रुम या जुन्या बल्गेरियन राजावरून. एग्रीदेरे, म्हणजे वाकडा ओढा, त्याचं आर्दिनो. कुठे कुठे मात्र नुसतं भाषांतर झालं: काराग्योझलर या तुर्की नावात काळे डोळे आहेत, आणि चेर्नोओचेने या बल्गेरियन नावातही तेच काळे डोळे.

१९३४ पूर्वीचा नकाशा, प्रवासवर्णन किंवा घराण्याचा कागद हाती आला तर आजच्या नावाने काहीही सापडणार नाही. नोंदीत जुनं नाव द्या. इथे काही जण म्हणतात, जुनी नावं कशाला, उगाच वाद. मला हे मान्य नाही. तिथली म्हातारी माणसं घरात आजही गावाला जुन्याच नावाने हाक मारतात, आणि तुर्कस्तानात गेलेल्या कुटुंबांना आपलं मूळ गाव त्याच नावाने माहीत असतं.

नंतर माणसांची नावंही बदलली गेली. १९८४ च्या अखेरीस, हिवाळ्यात, सरकारने तुर्की-मुस्लीम नागरिकांवर सक्तीने बल्गेरियन नावं लादायला सुरुवात केली, आणि सुरुवात याच प्रदेशातून झाली. निषेधाला लोक रस्त्यावर आले. २६ डिसेंबर १९८४ ला मोगिल्याने गावात गोळीबार झाला, त्यात आईच्या कडेवरचं दीड वर्षांचं मूल दगावलं. तिथे आज त्याच्या स्मरणार्थ पाण्याचा झरा बांधलेला आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्टमध्ये तुर्कस्तानने सीमा बंद करेपर्यंत, साधारण ३,६०,००० माणसं देश सोडून तुर्कस्तानात गेली. त्यांतली बरीच पुढे परतली. १९८९ च्या डिसेंबरअखेर सरकारने धोरण मागे घेतलं आणि १९९० च्या कायद्याने लोकांना आपली नावं परत घेता आली.

लोकसंख्येच्या लेखात हे कशाला, असं नवख्याला वाटू शकतं. १९८५ आणि १९९२ या दोन जनगणनांच्या मध्ये हा उन्हाळा आहे. देशाचा आकडा ८९,४८,६४९ वरून ८४,८७,३१७ वर आला. हा उन्हाळा वगळून ‘जन्मदर घटल्यामुळे’ असं लिहिलंत, तर गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून निघालेली माणसं तुमच्या नोंदीतून दुसऱ्यांदा पुसली जातील.

आठवी पायरी: ‘कोण राहतं’ हा रकाना भरताना

बल्गेरियाच्या जनगणनेत वंश, मातृभाषा आणि धर्म या प्रश्नांची उत्तरं ऐच्छिक आहेत. २०११ मध्ये देशभरात ६,८३,५९० लोकांनी वंशाचा प्रश्न कोरा सोडला. म्हणून टक्केवारी नेहमी उत्तर देणाऱ्यांतली असते.

कर्जालीत २०११ मध्ये उत्तर देणाऱ्यांपैकी ६६.२ टक्क्यांनी स्वतःला तुर्क म्हटलं, ३०.२ टक्क्यांनी बल्गेरियन. आता कुणी ६६.२ टक्के १,५२,८०८ ला लावले तर एक लाखावर तुर्क निघतात. प्रत्यक्षात तसं उत्तर देणारे ८६,५२७ होते. साधारण बावीस हजार लोकांनी उत्तरच दिलं नाही. त्या बावीस हजारांना कोणत्याही बाजूला ढकलायचा अधिकार आपल्याला नाही. ‘उत्तर देणाऱ्यांपैकी’ हे दोन शब्द प्रत्येक वेळी लिहा, वाक्य लांब झालं तरी चालेल.

नववी पायरी: आता लिहा

पहिला परिच्छेद साधारण असा उभा राहील: ‘कर्जाली हा बल्गेरियाच्या दक्षिणेकडील, ग्रीसला लागून असलेला प्रांत आहे. त्यात सात ओब्श्तिना, पाच शहरं आणि साडेचारशेहून अधिक खेडी आहेत. ७ सप्टेंबर २०२१ च्या जनगणनेनुसार प्रांतात १,४१,१७७ लोक राहतात.’ प्रत्येक आकड्याजवळ थर, तारीख आणि मोजणीचा प्रकार असावा. यांतलं एक जरी माहीत नसेल तर तो आकडा अजून नोंदीत जायला तयार नाही. २०२१ चा प्रांताचा आकडा आणि २०११ चे ओब्श्तिनांचे आकडे एका तक्त्यात आले तर वर्ष प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर लिहा. ‘कर्जाली’ एकटं कधीच लिहू नका. शहर, ओब्श्तिना की प्रांत, ते लगेच पुढे यायला हवं.

हे करून झालं की दुसरा प्रांत घ्या. सोफियापासून सुरुवात नको. तिथे सोफिया नावाचे दोन ओब्लास्त आहेत. एक राजधानीचा, एकाच ओब्श्तिनेचा, आणि दुसरा तिच्या भोवतालचा, ज्याचं मुख्यालय सोफियात आहे पण सोफिया शहर त्याच्या हद्दीत नाही. यांबोलही नंतरसाठी ठेवा, तिथे तुंजा ओब्श्तिनेचं मुख्यालय यांबोल शहरात आहे आणि ते शहर मात्र स्वतः वेगळी ओब्श्तिना आहे. सरावाला गाब्रोवो चांगला. ओब्श्तिना चारच: गाब्रोवो, सेव्हलिएवो, त्र्याव्ना, द्र्यानोवो. २०११ मध्ये १,२२,७०२ माणसं, २०२१ मध्ये ९८,३८७. वस्त्यांची यादी उघडलीत की डोंगरातल्या कितीतरी लहान वाड्यांसमोर शून्य दिसेल. ती छापण्यातली चूक समजून गाळू नका. त्या वाडीचं नाव अजून यादीत आहे, पाच आकडी क्रमांकही आहे, फक्त राहणारं कुणी नाही. तुमच्या तक्त्यातही ती ओळ शून्यासकट राहू द्या.